काठीचं दुसरं टोक

लहानूबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. नोकरी तारघरात झाली, म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांचे मजकूर पाठवले. स्वतःचं असं काही लिहिलं नाही, आणि बोलायलाही मी कधी पुढे नसतो. एकदाच पुढे होऊन बोललो, त्याचं काय झालं ते यात येईलच.

लहानूचं घराणं भंडाऱ्याकडचं. त्याचा बाप कामाला जबलपूरला आला तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती. पुढे राज्यं बदलली, आमची गावं पलीकडे गेली आणि आम्ही इथंच राहिलो. लहानू वेल्डर झाला. मालनबाईशी लग्न झालं. ती चार-पाच वर्षांतच आजारपणात गेली, मूलबाळ नव्हतं. दुसरं लग्न कर म्हणून आम्ही सगळे मागे लागलो. तो ‘पाहू’ म्हणायचा आणि पाहायचा नाही.

हल्के हा त्याचा मित्र. बुंदेलखंडी माणूस, एका टॉकीजवर गेटकीपर. तिकिटं फाडायची आणि अंधारात टॉर्च दाखवून लोकांना खुर्चीपर्यंत न्यायचं, हे त्याचं काम. हल्के म्हणजे त्यांच्या बोलीत धाकटा. आमचा लहानू आणि त्यांचा हल्के, एकाच नावाची दोन माणसं, असं मालनबाईच म्हणायची. ती आजारी असताना बर्फ आणून द्यायला हल्के रोज यायचा. ती गेल्यावर बर्फ बंद झाला, येणं बंद झालं नाही. पुढे टॉकीज बंद पडलं, दीक्षितपुऱ्यातल्या घरात भावांनी त्याला खोली ठेवली नाही. एक पेटी घेऊन तो लहानूच्या कांचघर मोहल्ल्यातल्या घरी राहायला आला. कुणी काही विचारलं नाही. आमच्या घरच्या लग्नांच्या पत्रिका पाठवताना त्या दोघांची नावं आम्ही एकाच ओळीत लिहायचो.

म्हातारपणी लहानूला काचबिंदू झाला. आता त्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही. रस्त्यानं चालताना त्याचा हात हल्केच्या खांद्यावर असतो. काठी नुसती नावाला.

घमापुरात आमच्या विहाराला लागून एक खोली आहे. तिथं दर रविवारी दुपारी आम्ही म्हातारी माणसं जुना सिनेमा लावतो. मारामारीचे, जुन्या हिरोंचे. तीन तास बसणं आता कुणाच्या कंबरेला जमत नाही, म्हणून इंटरव्हलपर्यंत एका रविवारी आणि उरलेला पुढच्या रविवारी, अशी आमची पद्धत. मधे चहा, आणि अर्ध्या सिनेमावर आठवडाभर वाद. हल्के लहानूला खेटून बसतो आणि पडद्यावर काय चाललंय ते त्याच्या कानात हिंदीत सांगतो. टॉर्च गेला, काम तेच राहिलं.

त्या रविवारी माझी नात विनता आली होती. ती भोपाळला शिकते. मराठी तिला सगळी कळते, बोलताना अर्धी हिंदी होते. सिनेमा दोन ट्रक ड्रायव्हरांचा होता. इंटरव्हल झाला, आमच्यातल्या कुसुमबाईनं चहा वाटला आणि विनता म्हणाली, “आजोबा, लव्ह स्टोरी तर या दोघांचीच आहे.”

“कोण्या दोघांची?” डोमाजीनं विचारलं. डोमाजी आमचा अध्यक्ष. त्याला न विचारता कुणी पंखाही लावत नाही.

“दोघं हिरो. हिरोइनसोबत एक गाना, आणि यांचे तीन. जखमेला पट्टी कोण बांधते? जेवला का म्हणून कोण विचारते? हिरोइन दुसऱ्या शहरात गेली तर तिचा हिरो रडला पण नाही. ट्रक विकला तेव्हा रडला, कारण ट्रकवर दोघांचं नाव होतं.”

“अवं पोरी, याले दोस्ती म्हणतात. आमच्या टायमाले दोस्त असेच राहायचे.”

“मग सिनेमावाले दोस्तीच्या नावाखाली काय सांगून राहिले, ते पण बघा ना.”

“म्हणजे काय हे नवरा-बायको?”

“नवरा-बायको नाही. दोन पुरुष. एकदूसरे से प्यार. होऊ शकते.”

खोलीत एकदम गलका झाला. कुणी म्हणालं ट्रकवाले असे नसतात, कुणी म्हणालं ट्रकवालेच असतात. कुसुमबाई किटली खाली ठेवून म्हणाली, “पोरगी बरोबर बोलून राहिली. आमच्या यांनी जन्मात कधी विचारलं नाही, जेवली का म्हणून.” सगळे हसले. मीही हसलो. तोवर ते छान चाललं होतं.

मग लहानू आणि हल्के बसले होते त्या कोपऱ्याकडे डोमाजीनं मान केली आणि म्हणाला, “आता समजलं, तिकडं काहून दोन खुर्च्या लागत नाहीत. दीड खुर्चीत भागते त्यांचं!”

हे त्यानं मराठीत म्हटलं. हल्के समोर असला की आम्ही नेहमीच असं करत आलो. त्याला मराठी कळत नाही हे कुणी ठरवलं, मला माहीत नाही. तो आमच्याशी हिंदीत बोलायचा, एवढ्यावर आम्ही ते धरून चाललो होतो. मराठी घरात इतकी वर्षं राहिलेला माणूस.

खोली हसली. मी उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, “डोमाजी, त्यांच्याबद्दल असलं घाण बोलू नका. भावासारखे आहेत ते.”

हसणं थांबलं. मला वाटलं, मी वेळेवर बोललो.

लहानूनं कप खाली ठेवला आणि उठताना सवयीनं हात पुढे केला. हल्के उठला. पण त्यानं खांदा पुढे केला नाही. काठीचं खालचं टोक उचललं, वरची मूठ लहानूच्या हातात दिली आणि काठीभर अंतर ठेवून पुढे चालू लागला. लहानू दारात अडखळला. “हल्के, कंधा किधर है?” त्यानं विचारलं. हल्केनं काठी हळूच पुढे ओढली.

घरी जाताना विनतानं विचारलं, “मी काही वाईट बोलले का आजोबा?”

“हो,” मी म्हणालो.

आठवड्यात ते दोघं बाजारात दिसले नाहीत. गुरुवारी मी कांचघरला गेलो. दार हल्केनं उघडलं. मी चाचरत हिंदी जुळवू लागलो, तर तो म्हणाला, “या दयारामभाऊ. बसा. चहा मांडूनच राहिलो होतो.”

स्वच्छ आमची मराठी. मी दारातच उभा राहिलो.

“तुम्हाला येते?”

“न यायला काय झालं? तुम्ही लोक माझ्यासमोर मोकळं बोलायचे. म्हटलं, बोलू द्यावं.” तो चहा करायला आत गेला.

लहानू खाटेवर बसला होता. मी म्हणालो, “डोमाजीचं मनावर घेऊ नको.”

“डोमाजी माझ्या मयतीतही जोक करंल. त्याचं काही नाही.” मग म्हणाला, “घाण तर तू म्हणाला, दयाराम. विनता प्यार म्हणाली होती.”

“मी तर तुमच्या बाजूनं बोललो. तुम्ही तसे नाही, एवढंच...”

“कसे नाही?”

काहीतरी बोलायचं म्हणून मी पुन्हा ‘भावासारखे’ म्हणालो.

“भाऊ याचे तीन आहेत दीक्षितपुऱ्यात. एकाच्याही घरी हा पाणी पीत नाही.” लहानूनं आवाज खाली केला. आत भांड्यांचा आवाज चालू होता. “आता टीव्ही लावला की हा तिकडच्या खाटेवर बसते. रस्त्यानं मला काठीनं नेते, गाय नेल्यासारखं. लोक काय म्हणतील म्हणते. इतकी वर्षं नाही म्हणाला, आता म्हणून राहिला. मला दिसत नाही रे. हा जवळ नसला तर मी कुठं आहे ते मला कळत नाही.”

मी मान खाली घातली. ते त्याला दिसलं नाही, हेही मनात आलं.

“रविवारी येऊ आम्ही,” तो म्हणाला. “तू हसू नको. अन् वाचवू पण नको.”

घरी येऊन विनताला फोन केला आणि म्हणालो, बाई, तू वाईट काही बोलली नव्हतीस. तिनं विचारलं, मग कोण? मी फोन ठेवून दिला.

रविवारी ते आले. काठीनंच. हल्के बाजूच्या खुर्चीवर बसला, मधे वीतभर जागा ठेवून. सिनेमा सुरू झाला तसा तो मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू येईल असं सांगू लागला. “अब गाड़ी रुकी. अब पुलिस आई.” बातम्या सांगाव्यात तसं.

शेवटी धरणावरची मारामारी आली. एका ड्रायव्हरला गोळी लागली. हल्के बोलायचा थांबला. पडद्यावर नुसता पाण्याचा आवाज.

“हल्के?” लहानूनं विचारलं. “आगे?”

हल्के पडद्याकडेच पाहत होता.

तेव्हा लहानूच बोलू लागला. मराठीत, आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल असं. “मले पाठ आहे हा पिच्चर. टॉकीजच्या दारात याच्याजवळ उभा राहून किती वेळा पाहिला. आता दुसरा ड्रायव्हर धावत येते. त्याचं डोकं मांडीवर घेते. म्हणते, मी आहे. अन् हात धरते.” एवढं बोलून त्यानं आपला हात बाजूला धरला, हवेत, तळवा वर करून.

डोमाजी कपात पाहू लागला. कुणी हसलं नाही.

हल्केनं तो हात पाहिला. मग त्यानं आमच्याकडे पाहिलं. एकेकाकडे. माझ्यावर येऊन त्याची नजर थांबली, आणि मी होकारार्थी मान हलवली. मग त्यानं हात धरला.

बरं झालं, असं सगळे म्हणाले. डोमाजीसुद्धा म्हणाला. आता ते पूर्वीसारखे खेटून बसतात, रस्त्यानं खांद्यावर हात असतो, आणि घमापुरात ही गोष्ट सांगताना लोक माझं नाव चांगल्या अर्थानं घेतात. ते ऐकवत नाही, म्हणून हे लिहिलं. जो हात धरायला इतकी वर्षं कुणाला विचारावं लागलं नव्हतं, तो धरायला हल्केनं त्या दिवशी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, जणू ते माझ्या हातात होतं, अशी मान हलवली.