जनरल किआलांची हजेरी

जनरल किआलांची अर्धी मिशी मी उडवली. वस्तरा ओठावर असताना गिऱ्हाइकाला बातमी सांगू नये, एवढं भान न्हाव्याला हवं. मी सांगितली. "जनरल, यंदा स्वातंत्र्यदिनाला मंचावर तुमच्या शेजारी नगराध्यक्ष लिसार्दोसाहेब बसणार."

त्यांनी मान झटकली. उजवी मिशी फडक्यावर.

"डावीही काढ," ते म्हणाले. "त्या हरामखोराशेजारी मिशी कशाला मिरवायची?"

जनरल मूळचे गाडीवान, साखर कारखान्यावर ऊस वाहणारे. स्पेनविरुद्ध उठाव झाला तसे बैल सोडून, उसाचा कोयता घेऊन रानात शिरले. क्युबा मोकळा झाला तेव्हा अंगात दोन गोळ्या, आणि झाडावरचे उंदीर मिठाशिवाय भाजून खाल्ल्यानं पोटाचं कायमचं दुखणं. सरकारनं कचेरीत जागा दिली. पहिल्याच दिवशी समोर स्पॅनिशांचाच जुना कारकून बसलेला दिसला. तसेच परत फिरले. आता गाढवावरून कोळसा विकतात. गाव त्यांना सलाम ठोकतं आणि भावात घासाघीस करतं.

लिसार्दोनं युद्धात स्पॅनिश तुकडीला रानातल्या दवाखान्याची वाट दाखवली होती. झाडांना टांगलेल्या झोळ्यांत पडलेली जखमी पोरं झोळ्यांतच कापली गेली. पुढे स्वातंत्र्य आलं आणि लिसार्दोही स्वातंत्र्यसैनिक झाला. आमच्या गावात लढलेले दरवर्षी वाढतात. हवा चांगली आहे.

"मग जाऊच नका," मी म्हटलं.

"आणि पोरांना ओ कोण देणार? तू?"

त्या दिवशी मेलेल्यांची नावं पुकारतात आणि बरोबर लढलेल्यानं 'हजर!' म्हणायचं असतं. त्या पोरांच्या तुकडीतले जनरल एकटेच उरलेत.

गेले. पण मंचावर नाही. खाली, तळण काढणाऱ्या एलिदाबाईच्या कढईशेजारी, गुळगुळीत ओठानं उभे राहिले. शाळामास्तरांनी नाव घेतलं. "हजर!" दुसरं. "हजर!" तिसऱ्या नावाला वरून लिसार्दोनं छातीवर हात ठेवून, अगदी गहिवरल्या आवाजात ओ दिली.

जनरल पचकन थुंकले. "मास्तर, पहिल्यापासून."

मास्तरांनी पुन्हा सुरुवात केली. लिसार्दो पुन्हा गहिवरला.

"पहिल्यापासून!"

ऊन चढलं. बँडवाल्यांनी टोप्या काढून वारा घ्यायला सुरुवात केली. आणखी दोनदा तेच झालं, तेव्हा एलिदाबाई झारा उगारून ओरडली, "अहो नगराध्यक्ष, तोंड मिटा की! तेल जळलं माझं!"

लोक खो-खो हसले. लिसार्दोनं कपाळ पुसलं आणि गप्प बसला. मग सगळी नावं नीट पार पडली. जनरलनी एकेकाला ओ दिली. शेवटी शेवटी घसा बसला होता.

मंचावरून उतरून लिसार्दो हसतहसत हात पुढे करून आला. जनरलनी आपले दोन्ही हात खिशात घातले आणि चालू लागले.

मी मागोमाग गेलो. "जिंकलात की, जनरल! आता पुढच्या वर्षी घरी आराम करा."

"तो मरेस्तोवर मला यावंच लागणार."