उजव्या बाजूची वायर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही, शेजारच्या ज्या बाईजवळ मी सासूपासून साबणापर्यंत सगळं बोलते तिलाही नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? — माहीत नाही. बसल्या जागी चैन पडत नाही, एवढंच खरं.

तुळजापुरातल्या आमच्या घरात मागं एक खोली आहे. पूर्वी तिथं धान्याची पोती असायची. मी ती रिकामी केली, भिंतींना जुन्या गोधड्या ठोकल्या, एक माइक, एक कॉम्प्युटर, दोन मॉनिटर स्पीकर — झाला माझा स्टुडिओ. लोक हसले. हसू देत, म्हटलं. मी हट्टी आहे, आणि चिडकीही. देवीची गाणी रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायची आणि खाली संगीत म्हणून माझं नाव लिहायचं, हे वेड माझं. गळा मात्र वन्संचा. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, ढोकीला राहतात. देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधी मेळ्यात त्यांनी आवाज लावला की बाकीच्या बाया आपसूक गप्प व्हायच्या.

तर नवरात्र तोंडावर आलेलं, आणि वन्सं मुक्कामाला आलेल्या. गाताना स्पीकर बंद ठेवावे लागतात, नाहीतर त्यांचा आवाज माइकमध्ये शिरतो आणि सगळं केकाटायला लागतं. म्हणून गाणाऱ्याच्या कानाला हेडफोन. सकाळी मी तो जोडून दिला, संबळाचा ट्रॅक सुरू केला, आणि वन्सं म्हणाल्या, "कल्पना, उजवीकडनं काय बी येईना गं."

मी जॅक काढून पुन्हा घातला. हेडफोन स्वतःच्या कानांना लावला. दोन्हीकडून झकास ऐकू येत होतं. मग — इथंच सगळं आहे, म्हणून अडखळतेय — मी त्यांना तो उलटा लावायला सांगितला. डावीकडची वाटी उजव्या कानावर. वायर खराब असती तर आता डाव्या कानाला ऐकू आलं नसतं. पण वन्सं म्हणाल्या, उजवाच. मग मी स्पीकर चालू केले, त्यांना मधोमध बसवलं. तर त्या सारख्या डाव्या स्पीकरकडं बघायला लागल्या. उजवा बंद आहे का, असं मलाच विचारलं.

मला कळलं. कळलं नाही असं कुठल्या तोंडानं म्हणू? त्या म्हणाल्या, "सकाळधरनं कान गच्च झालाय, आत शिट्टी वाजतीया. दवाखान्यात दाखवून येऊ का?" आणि मी म्हणाले, "कान कशाला दाखवता, वायरच खराब आहे. थोडी सर्दी असेल. दोन गाणी उरलीत, ती होऊ द्या."

मग स्पीकर बंद केले, हेडफोन त्यांना पुन्हा सरळ लावला, माउस घेतला आणि दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून डावीकडं सोडला. वन्संनी मान डोलावली, आता लई ब्येस म्हणाल्या, आणि गायल्या. काय गायल्या! पुढं ढोकीहून फोनवर त्या कानाचा विषय काढायच्या, मी सर्दीचा काढायचे. गाणी गाजली का? — थोडीफार. देवळाच्या रांगेत बायका मोबाइलवर लावायच्या, आणि मी जवळ उभी राहून माझं नाव कुणी घेतंय का ते ऐकायचे.

दसरा झाल्यावर त्यांना सोलापूरला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. मीही गेले. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीलाच आला असतात तर औषधांनी कान परत येण्याची आशा होती, आता अवघड आहे. एवढे दिवस का थांबलात? वन्सं म्हणाल्या, "कळलंच न्हाय ओ. आमच्या कल्पनाच्या वायरचाच घोळ वाटला." बोलायचं ते तेव्हा बोलायचं होतं. मी पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

आता त्या मेळ्यात गात नाहीत. घोळक्यात कोण कुठून सूर लावतंय ते समजत नाही, आपण मागं पडतो, लाज वाटते म्हणतात. लाज त्यांना वाटते! वर मलाच म्हणतात, तुझ्यामुळं निदान ती गाणी तरी राहिली. त्या गेल्या की मी घरभर येरझाऱ्या घालते, भांडी आपटते, नवऱ्यावर खेकसते. त्याला वाटतं, माझं डोकं फिरलंय.

गेल्या महिन्यात त्या आल्या होत्या. दुपारी आम्ही दोघी ओट्यावर शेंगा फोडत होतो. मी मुद्दाम त्यांच्या उजव्या बाजूला बसले. आणि सांगितलं. हळू आवाजात, सगळं — हेडफोन उलटा लावायला का सांगितला ते, मला कळलं होतं ते, मला नाव हवं होतं ते. वन्सं शेंगा फोडत राहिल्या. मग माझे ओठ हलताना दिसले असावेत. त्यांनी मान वळवून डावा कान पुढं केला. "काय म्हणलीस गं?"

"चहा टाकू का म्हटलं," मी म्हणाले.