निलम्माच्या डबीतले शंख

ठाणाकुशनूर गाव मागं पडलं होतं आणि महादेवाचं देऊळ अजून माळाच्या पल्याड होतं. श्रावणी सोमवारी अनवाणी चालत जायचं, ही दोघी मैत्रिणींची शाळेपासूनची रीत. फरक इतकाच, की आता निलम्मा विजयश्रीच्या खांद्यावर हात ठेवून चालायची.

वळणावर निलम्मा थांबली. "हितं चिंच होती न्हवं? माझ्या वाट्याची तूच खाल्लीस."

"अजून ध्यानात ठेवलीस व्हय?"

लग्न झाल्यावर निलम्मा नवऱ्यामागं गोव्याला गेली. तिथं समुद्राचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला लागली. समुद्रतळाचा गाळ धुवायचा, चाळायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली खसखशीहून बारीक शंख ओल्या कुंचल्यानं वेचायचे. त्यातले जीव हजारो वर्षांमागं मेलेले. मोसमी वारा जोरात सुटला की खालचं गार पाणी वर यायचं आणि त्यांतली एक जात भरमसाट वाढायची. गाळ जितका खोल, तितका जुना. कुठल्या थरात ती जात किती सापडते, त्यावरून साहेबलोक त्या काळचा मान्सून ताडायचे.

"नवीन होते तवा सुईत ओवायच्या दोऱ्यावानी कुंचला ओठात ओला केला," निलम्मा म्हणाली. "शंख गेला पोटात. साहेब म्हणले, अक्का, एक पावसाळा गिळलात."

"म्हणून आपल्याकडं पडंना झालाय."

दोघी वाटेतच हसत उभ्या राहिल्या.

देवळाच्या पायरीवर टेकल्यावर निलम्मानं पदराच्या गाठीतून चपटी डबी काढली. काम सोडताना साहेबांनी तिनंच वेचलेले थोडे शंख काळ्या पट्टीवर चिकटवून, वर काच बसवून दिले होते. घरी ती डबी देव्हाऱ्यात विभूतीशेजारी असायची.

"हिकडं येताना कमलनगरला जीपमधून उतरले तवा पडली. काच तडकली. आत शंख हायत का सांडले, मला दिसंना. डागदर म्हणले, मोतीबिंदू न्हाई, डोळ्याचा पडदाच गेलाय."

"असतील की. महादेवाच्या कृपेनं..."

"माझा पोरगाबी न बघताच म्हणला, हायत. तूबी तेच करायलीस."

कमलनगरच्या शाळेत विजयश्री विज्ञान शिकवायची, पण मैत्रिणीला वाईट सांगायचं तिला कधीच जमलं नव्हतं.

निलम्मानं डबी तिच्या हातात ठेवली. "तुझ्या शाळेत बारीक बघायचं यंत्र हाय. उद्या बघ. असले तर एकेकाचं रूप सांग, मी आठवीन. नसले तर न्हाईत म्हण. माझं मन राखायला खोटं तेवढं बोलू नको, विजे."