कचऱ्याची गाडी बघणारा म्हातारा

२०२३ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि मिशिगनमध्ये मुलाकडे राहत होतो. त्याला इंटरनेटवर फोटो विकायचं खूळ लागलं. कुठला कॅमेरा घ्यावा म्हणून साहेबांनी चार महिने व्हिडिओ पाहिले आणि शेवटी मुसळाएवढी लेन्स आणली. एवढं करून फोटो कुणाचा काढला? तर खिडकीशी बसलेल्या माझा!

"बाबा, इथे सही करा. चेहरा दिसतोय, तुमच्या परवानगीशिवाय वेबसाइट फोटो घेत नाही."

मी चौथी शिकलोय, पण समजल्याशिवाय सही करत नाही. सुनेला म्हटलं, "कागदावरच्या या फोटोखाली इंग्रजीत काय लिहिलंय ते मराठीत सांग."

ती चाचरली. "एकटा, असहाय, दुःखी म्हातारा."

"दुःखी? अरे, मी कचऱ्याची गाडी आली का बघत होतो!"

मुलगा म्हणाला, "बाबा, लोक असेच शब्द टाकून फोटो शोधतात."

"मग त्यांना तुझा बाप सापडायचा नाही," म्हणालो आणि कागद तसाच परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, त्याच खुर्चीत ताठ बसलो आणि मुलाला हाक मारली, "आण तुझं मुसळ. खाली काय लिहायचं ते मी सांगतो."