पाडव्याचा पहिला सौदा आणि साडूची काहील

दिवाळी पाडवा म्हणजे व्यापाऱ्यांचं नवं वर्ष. त्या दिवशी ज्याला काहीच कळत नाही तो अर्थतज्ज्ञ होतो. अंघोळ होईपर्यंत माझ्या फोनवर येत्या वर्षाची भाकितं येऊन पडली होती: सोनं वर जाणार, सोनं खाली येणार, बाजार सावध राहणार. बाजार सावध राहायला तो काय राखणीचा कुत्रा आहे? मी गडहिंग्लजला मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतो. कंपन्यांचे ताळेबंद वाचायला त्याच दुकानात, कुणाच्या क्लासला न जाता शिकलो. त्यामुळे टाय लावून बोलणाऱ्याला मी घाबरत नाही.

अशा सकाळी माझा साडू बसगोंडा टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. मागे त्याच्या गुऱ्हाळातले गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, तीस-तीस किलोच्या, गोणपाटात गुंडाळलेल्या.

"पावणं, चला कोल्हापूरला. पयल्या सौद्याला गूळ लावायचा हाय."

"संकेश्वरचा बाजार जवळ असताना?"

"गेल्या साली पेपरात बघितलं न्हाईसा? पाडव्याला काय दर निघालता! आज तसा बसला तर गुऱ्हाळ ठेवतो. न्हायतर रस आटवायची काहील इकतो आन ऊस कारखान्याला घालतो. पोरगं बी तेच म्हणतंय."

वडिलांनी उभं केलेलं गुऱ्हाळ, आणि त्याचा निकाल एका सौद्यावर! मी सांगितलं की मुहूर्ताचा दर हा दाखवायचा दर असतो. "तुमास्नी सगळंच ठावं असतंय," तो म्हणाला. ते खरंच आहे, म्हणून मी वाद न घालता टेम्पोत बसलो.

जाणाऱ्यांसाठी: संकेश्वर, निपाणी, कागल असा हायवे धरा. रस्ता चांगला आहे. डिझेल कर्नाटकातच भरा, लिटरमागे पैसे वाचतात. वाचलेले पैसे कोगनोळीच्या टोलनाक्यावर द्यायचे असतात, म्हणजे खिशात काही उरून चोरीची भीती राहत नाही.

कोल्हापुरात शिरताच आधी मिसळ. कट, म्हणजे तिखट रस्सा, दुसऱ्यांदा मागा, पैसे पडत नाहीत; पावाचे मात्र मोजून घेतात. शेजारच्या टेबलावर दोन तरुण शेअर बाजार चालवत होते.

"भावा, पडला की अजून घ्यायचा."

"आन अजून पडला तर?"

"तर लाँग टर्म!"

एवढं शास्त्रशुद्ध विवेचन मी टीव्हीवरही ऐकलेलं नाही.

मार्केट यार्डात झेंडूची तोरणं, काट्याला हार, आणि गुळाचा तो उबदार वास. अडत्याने बसगोंडाच्या रव्याचा कोपरा फोडून जिभेवर ठेवला. रंग पिवळाधमक, कणी छान. "अण्णा, तुमचंच पाच रवं मुहूर्ताला लावू," तो म्हणाला. बसगोंडाची छाती वर आली. पुढारी आले, नारळ फुटला, बोली चढत गेली आणि कालच्या जवळजवळ दुप्पट दरावर थांबली. टाळ्या! बसगोंडाला फेटा बांधून रव्याशेजारी उभा केला, फोटो निघाले. शेतकऱ्याला सोन्याचे दिवस आल्याचं पुढाऱ्याने जाहीर केलं आणि ते दिवस संपायच्या आत तो गाडीत बसला.

मग उरलेल्या रव्यांचा सौदा झाला. गूळ तोच, काहील तीच, दर कालचाच.

"ओ, आत्ता तर एवढा दर दिलासा की!"

"अण्णा, तो मुहूर्ताचा. पूजेचा नारळ आन चटणीचा नारळ एका भावानं धरायचा व्हय?"

परतीच्या वाटेवर बसगोंडाने निपाणीजवळ फेटा सोडला, नीट घडी केली आणि एवढंच म्हणाला, "काहील इकतो."

बायको आधीच बहिणीकडे, म्हणजे बसगोंडाच्या घरी गेली होती, म्हणून आम्ही थेट त्याच्या गावी उतरलो. फेट्यातला फोटो फोनवरून आमच्या आधी पोहोचला होता. शेजारचा तुकाराम दारातच बसलेला.

"अण्णा, काहील इकणार म्हणत हुतासा. मी घेतो, मलाबी गुऱ्हाळ घालायचं हाय."

बसगोंडा सरळ माणूस. पाच रव्यांचा दर, बाकीच्यांचा दर, सगळं सांगितलं. तुकाराम हसला. "व्हय, व्हय. दर घावला की मानूस असंच बोलतंय." आणि आधी सांगितलेली काहिलीची किंमत स्वतःच वाढवली. बसगोंडाने पुन्हा समजावलं. त्याने पुन्हा वाढवली.

बसगोंडा वळला. अंगणात पालथ्या घातलेल्या काहिलीपाशी गेला आणि तिच्यावर बोटांनी ठोकून बघितलं.

"न्हाय इकायची."

"का वो?"

"एवढं सांगून बी तू चढतोयस, म्हंजी गुळात कायतरी असणारच की!"

मी तोंड उघडलं होतं, पण बायकोने ताटावर बोलावलं.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. बसगोंडाच्या बायकोने बांधून दिलेला गुळाचा खडा तोंडात टाकला. मुहूर्ताच्या दराचा की नेहमीच्या, चवीवरून मला सांगता आलं नाही, आणि मला सहसा सगळं सांगता येतं.

तेवढ्यात फोन वाजला. बसगोंडाने बातमी पाठवली होती: फेटेवाला तोच फोटो, आणि खाली कुणा तज्ज्ञाचं मत की नव्या वर्षात गुळाचे दर चढेच राहतील. सोबत त्याचा निरोप: "गूळ करणाऱ्या गुळव्याला वर्षभराचं काम सांगून टाकलं. बघा पावणं, तज्ज्ञ बी म्हणत्यात."