मागच्या गेटची किल्ली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, लेकीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या दोघांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची कॉलनी आहे. छोटे छोटे बंगले, मधून अरुंद रस्ते. रहिवासी संघ आहे आमचा. कचऱ्याची गाडी आली नाही, दिवे गेले, कुत्री वाढली, की लोक संघाकडे येतात. त्या वेळी अध्यक्ष होते अण्णा पगार आणि सेक्रेटरी मी. मिस्टर गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून हे काम घेतलं — असं मी सगळ्यांना सांगायचे. ते खरंही होतं. पण लोक 'मॅडम, मॅडम' करत दाराशी येतात हे मला आवडायचं, तेही तितकंच खरं.

अण्णा देवळ्याकडचे. कांद्याच्या व्यापारात पैसा केला आणि इथे घर बांधलं. आवाज मोठा, राग नाकावर, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर थाप मारायची सवय. त्यांच्यापासून दोन घरं सोडून खैरनार सर राहायचे. तेही देवळ्याकडचेच, पण स्वभावाने अगदी दुसऱ्या टोकाचे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, हळू बोलणारे. हे दोघं रोज सकाळी बरोबर फिरायला जायचे. आमच्याशी शुद्ध मराठी, आपसांत मात्र अहिराणी. 'कसं काय शे, भाऊ?' अशी अण्णांची हाक आली की मला कळायचं, उजाडलं.

आणि शालनताई. सरांची बायको. माझी मैत्रीण — हा शब्द मी वापरावा की नाही? वापरते. तेव्हा तरी तसंच होतं. उन्हाळ्यात माझ्या कुरडया घालायला त्या यायच्या, चीक हाटताना मला बसवून ठेवायच्या, म्हणायच्या, 'तुमचा हात हलका आहे, गुठळ्या होतील.' पुढे त्यांचं हृदय कमजोर झालं. जिना चढल्या की धाप लागायची, मग बसल्याबसल्याही लागायला लागली.

आता गेटचं सांगते.

कॉलनीला दोन गेटं. पुढचं मोठं आणि मागचं, माझ्या घराला लागून. मागच्या गेटातून बाहेर पडलं की हॉस्पिटल अगदी जवळ. पुढून गेलं तर बराच मोठा वळसा पडतो, आणि त्या वर्षी तो रस्ता पाइप टाकायला खणून ठेवलेला. मागच्या गेटातून मोटरसायकलवाले सुसाट ये-जा करायचे. एकदा तिथेच एका बाईंच्या गळ्यातली चेन ओढून नेली. संघाची बैठक झाली, गेटला कायमचं कुलूप लागलं. दोन किल्ल्या. एक माझ्याकडे, कारण गेट माझ्या दारात. दुसरी अध्यक्ष म्हणून अण्णांकडे.

गेट बंद झालं आणि माझ्या घरासमोरची गल्ली माझी झाली. हे कसं सांगू तुम्हाला? हॉर्न नाहीत, धूळ नाही. मी भिंतीला लावून कुंड्या ठेवल्या. मग झोपाळा आणला, लोखंडी स्टँडवरचा. संध्याकाळी तिथे बसायचे. कुणाला गॅसची टाकी आत आणायची असली, सोफा न्यायचा असला, की माझ्याकडे यायचे — मॅडम, जरा उघडता का? मी चष्मा काढून, सावकाश उठून उघडायचे. सावकाश. मुद्दाम.

एक दिवस सर आले. चहा झाला. मग म्हणाले, शालनला कधी काय होईल सांगता येत नाही, मागच्या गेटची एक किल्ली आम्हाला मिळेल का? मी म्हटलं, अण्णांनाच विचारा ना, तुमचे तर मित्र. तर म्हणाले, 'मित्र आहे म्हणूनच नको. मैत्रीचा वशिला लावला असं व्हायला नको. तुम्ही बैठकीत ठेवा, संघ म्हणेल ते मान्य.' ते स्वतः बैठकीला येऊ शकत नव्हते. संध्याकाळी ताईंना एकटं सोडायची सोय नव्हती.

मी हो म्हटलं.

बैठक झाली. अण्णा कचऱ्याच्या गाडीवरून तापलेले होते, टेबलावर हात आपटत होते. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की मी त्यांच्या रागाला घाबरले, म्हणून विषय काढला नाही. पण शेवटी ते शांत झाले होते हो. पाणी प्यायले, आणि माझ्याकडे वळून अगदी सरळ विचारलं —

'ताई, अजून काही विषय?'

मी म्हटलं, 'नाही.'

का? माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा काय होतं ते मला आजही नीट आठवतं. शालनताई नव्हत्या. माझी गल्ली होती. सरांना किल्ली दिली की शेजारचे मागणार, मग पलीकडचे, मग गेट उघडंच राहणार. झोपाळा हलवावा लागणार. एवढंच. बाईच्या धापेपुढे मी झोपाळा धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सर विचारायला आले. मी काय म्हणू शकले असते! विसरले म्हणता आलं असतं. पुढच्या बैठकीत ठेवते म्हणता आलं असतं. माझ्याकडची किल्ली घ्या आणि तशीच दुसरी बनवून आणा, असंही म्हणता आलं असतं. मी म्हणाले, 'सर, मी ठेवलं होतं. खूप भांडले तुमच्यासाठी. पण अण्णा नाही म्हणाले.'

सरांचा विश्वास बसेना. 'अण्णा? काय म्हणाला तो?'

'म्हणाले, एकाला दिली की सगळे मागतील. म्हणाले, आजारी माणसं काय घरोघरी आहेत.'

हे शब्द माझे होते. आदल्या रात्री मनात आलेले, जसेच्या तसे. मी फक्त त्यांना अण्णांचा आवाज लावला. आणि वर आणखी एक केलं — म्हटलं, 'तुम्ही त्यांना आता काही बोलू नका सर. उगाच मैत्रीत कडवटपणा.' किती काळजी ना मला त्यांच्या मैत्रीची!

सर अण्णांना काही बोलले नाहीत. त्यांनी फिरायला जाणं बंद केलं. अण्णांना वाटलं, वहिनींच्या आजारपणामुळे येत नसतील. तेही बिचारे घरी जाऊन त्रास नको म्हणून थांबले. सकाळची हाक बंद झाली. मला ती चुकल्यासारखी वाटायची, खोटं कशाला सांगू.

मग तो दिवस आला. नणंदेला अभिषेक करायचा होता म्हणून मी तिच्याबरोबर त्र्यंबकेश्वरला गेले होते. किल्ली माझ्या पर्समध्ये. दुपारी शालनताईंना धाप लागली. सरांनी रिक्षा आणली, त्यांना बसवलं आणि मागच्या गेटाशी आणलं. मी उघडेन अशी त्यांना खात्री होती. त्यांनी माझं दार ठोठावलं. पुन्हा ठोठावलं. मग रिक्षा वळवली, आणि त्या खणलेल्या रस्त्याने घेऊन गेले.

ताई संध्याकाळी गेल्या.

सरांनीच नंतर मला सांगितलं. माझ्याच घरात, माझ्याच समोर बसून. 'रिक्षा अण्णाच्या दारावरून गेली. तो ओट्यावर पेपर वाचत बसला होता. मनात आलं, उतरावं, किल्ली मागावी. पण म्हटलं, हा पुन्हा नाही म्हणाला तर माझ्या हातून काहीतरी वाईट होईल. डोळे मिटून घेतले मी.'

अण्णांकडे किल्ली होती. अण्णा ओट्यावर होते. कळतंय ना तुम्हाला? एक हाक मारली असती तर तो माणूस अनवाणी पळत आला असता.

ताई तरीही गेल्या असत्या का? डॉक्टर म्हणाले, हृदय फारच थकलं होतं. मग म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर... मी त्या पहिल्या वाक्याला धरून बसते. काही दिवस ते पुरतं. काही दिवस नाही पुरत.

दहाव्याला गोदावरीवर सगळी कॉलनी आली होती. अण्णा रडून लाल झालेले. पुढे झाले, सरांचा हात धरायला गेले. सरांनी हात मागे घेतला. अण्णा गोंधळले. 'भाऊ, मनं काय चुकनं?' असं सगळ्यांदेखत विचारलं. सरांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्याशी बोलायचे तसल्या स्वच्छ मराठीत म्हणाले, 'आपण या आता.'

मी दोघांच्या मध्ये उभी होते. माझ्या हातात नैवेद्याचं ताट होतं.

परतताना अण्णांनी मला गाठलं. 'ताई, तुमचं त्यांच्याकडे जाणं-येणं आहे. माझं काय चुकलं, तुम्हाला काही बोलले का?' तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, 'अण्णा, दुःखात माणूस काहीही बोलतो. मनावर घेऊ नका.'

पुढच्या बैठकीत अण्णांनी स्वतःच मागचं गेट दिवसभर उघडं ठेवायचा विषय मांडला. म्हणाले, 'वहिनींच्या वेळी मला कुणी नुसतं सांगितलं असतं तर मी कुलूप फोडलं असतं.' सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. झोपाळा दुसऱ्याच दिवशी हलवला. मोटरसायकली पुन्हा सुरू झाल्या. त्यांची आता सवय झाली आहे मला.

सर कॉलनीतच राहिले. अण्णांचं घर चुकवायचं म्हणून ते लांबच्या बाजूने दुधाला जायचे. माझ्याकडे मात्र येत राहिले. गावाकडून शेंगा आल्या की अर्ध्या मला. दिवाळीला भेटायला यायचे तेव्हा दरवेळी एकदा तरी म्हणायचे, 'तुम्ही एकट्या होतात, मॅडम, ज्या आमच्यासाठी बोलल्या.' मी शेंगा घेतल्या. ते वाक्यही घेतलं. दरवेळी.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. आधी पक्षाघाताने बरेच दिवस पडून होते. मी भेटायला जायचे. जीभ जड झाली होती, पण 'भाऊ' हा शब्द कळायचा. त्यांची सून एकदा म्हणाली, 'काकू, सरांना एकदा घेऊन याल का?' मी बघते म्हणाले. सरांना विचारलंच नाही. विचारलं असतं तर ते आले असते, आणि दोघं बोलले असते.

अण्णांना नेलं त्या दिवशी सर घराबाहेर पडले नाहीत. चार-पाच दिवसांनी माझ्याकडे आले. आता काठी घेतात. मी चहा पुढे ठेवला. तो गार झाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, 'मॅडम, मी जायला हवं होतं का हो? एवढं धरून ठेवायला नको होतं का?'

घरात आम्ही दोघंच होतो. अण्णा नव्हते, ताई नव्हत्या. आता घाबरावं असं कोणीच उरलं नव्हतं.

मी म्हणाले, 'नाही सर. तुमचं बरोबरच होतं.'

त्यांनी मान हलवली. काठी उचलली, आणि हळूहळू घरी गेले.