म्हाताऱ्या माणसाला झेपेल असं काहीतरी दाखवा

लालबागला आमच्या दुकानाच्या माळ्यावर एक लाकडी खोका होता, परत आलेल्या वस्तूंचा. विजेच्या सामानाचं आणि रेडिओचं दुकान म्हटलं की वस्तू परत येणारच. पण या खोक्यातल्या वस्तूंत बिघाड कसलाच नसायचा. मुलानं हौसेनं आईबापासाठी न्यायची आणि आईबापानं आठ दिवसांत परत पाठवायची. वस्तू पुसून पुन्हा कपाटात लावता येत असे. तिच्याबरोबर आलेला किस्सा मात्र माझ्याकडेच राहायचा. असे किती साठले ते विचारू नका.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. बाहेर रोज सभा, मोर्चे, हरताळ, आणि आत रोज एक मुलगा काउंटरवर कोपर टेकून तेच वाक्य बोलणार, "म्हाताऱ्या माणसाला झेपेल असं काहीतरी दाखवा." आमचे मालक अण्णा लगेच माझ्याकडे बोट करायचे. दत्तूला विचारा, त्याला त्यातलं कळतं!

मला काय डोंबल कळत होतं? घरी माझीच आई मला आवरत नव्हती. आम्ही मालवणकडचे, आईला आये म्हणणारे. वडील गेलेले, माझं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे मी दुकानात असेपर्यंत आये चाळीतल्या खोलीत एकटी. नजर अधू झालेली, आणि त्या वर्षात दोनदा चक्कर येऊन पडलेली. दोन्ही वेळा मी इकडे लोकांच्या आईबापांना वस्तू समजावून देत होतो. एखाद्या दिवशी हिला काही झालं आणि कुणाला कळलंच नाही तर, हा एकच किडा माझं डोकं पोखरत असायचा.

पहिल्यांदा तिला टॉर्च नेऊन दिला. आमच्या चाळीत संडासाकडे जाणारा बोळ दिवसाढवळ्याही काळोखा, आणि टॉर्चला बटण एकच. पुढे सरकवलं की उजेड, मागे ओढलं की अंधार. यात न समजण्यासारखं काय आहे? पंधरा दिवसांनी बघतो तर बाईसाहेब बोळातून कंदील घेऊन चालल्यात. मी विचारलं, टॉर्च वापरत नाहीस का?

"वापरतंय मा," आये म्हणाली. "कंदिलाची काडेपेटी गावली नाय, की ती सोधूक टॉर्च लावतंय."

* * *

अण्णा मला हसायचे. पण त्यांची स्वतःची कथा वेगळी नव्हती. त्यांचे वडील तात्या दादरला राहायचे. उन्हाळ्यात त्यांचे हाल बघवेनात म्हणून अण्णांनी दुकानातला उत्तम टेबलफॅन घरी नेला. चार दिवसांनी मला म्हणाले, जरा जाऊन बघून ये, तात्या म्हणतात पंख्याची प्रकृती ठीक नाही.

मी गेलो. पंखा झकास फिरत होता. समोर तात्या पाटावर बसलेले, घामाघूम, आणि हातातल्या ताडाच्या पंख्यानं त्या टेबलफॅनला वारा घालत होते. मला वाटलं, म्हातारा कामातून गेला. पण तात्यांनी माझा हात धरून पंख्याच्या पाठीवर ठेवला. मोटर ती, गरम लागणारच.

"बघितलंस?" तात्या म्हणाले. "बिचारं स्वतःच तापलंय. ते मला काय गार करणार?"

पंखा खोक्यात आला. 

* * *

फणसवाडीतले एक कारकून आले. त्यांची आई कडक सोवळ्यातली, चुलीच्या धुरानं डोळे बिघडलेले. म्हणून विजेची शेगडी हवी होती. मी सगळ्यात साधी दिली, एक तबकडी आणि एक खटका. घरी जाऊन बसवलीही. आजी दारातून बघत होत्या. सगळं झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, ही वीज येते कुठून?

मी म्हटलं, बाहेरच्या खांबावरून.

"आणि खांबावर?"

गल्लीतून, म्हटलं. एकाच तारेवरून सगळ्यांकडे जाते.

"म्हणजे सगळ्या गल्लीला शिवून आमच्याकडे येते," आजी म्हणाल्या. "ओवळी आहे."

मी दमून गेलो होतो, तरी म्हटलं, आजी, नळाचं पाणीही सगळ्यांकडून फिरूनच येतं की. त्यावर उत्तर तयार होतं. पाणी वाहतं असतं, वाहत्याला विटाळ नाही. मीही इरेला पेटलो. म्हटलं, वीजसुद्धा वाहतच येते! आजींनी बराच विचार केला आणि मान डोलावली. मी जिंकलो या आनंदात चहा पिऊन आलो. माणसाला माणसाचा विटाळ होतो याचा मला मनापासून राग येतो, पण तिथे राग दाखवून शेगडी खपत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारकूनसाहेब शेगडी काखोटीला मारून हजर. वीज वाहती असली तरी तिला एकदा शुद्ध करून घ्यावी, म्हणून आजींनी तबकडीवर पळीभर गंगा सोडली होती. देवाची कृपा म्हणून आजींना काही झालं नाही. वीज शुद्ध झाली की नाही ते ठाऊक नाही, पण मजल्यावरचे सगळे दिवे गेले, आणि आजी म्हणाल्या, बघा, तिला सोसलं नाही.

* * *

आता हा किस्सा मी सांगतो खरा, पण सांगताना हसू येत नाही. वरळीच्या बीडीडी चाळीतला कांबळे नावाचा पोरगा, पोस्टात लागलेला. आयुष्यभर गिरणीत सूतकताईच्या यंत्रावर उभ्या राहिलेल्या बापासाठी त्यानं रेडिओ नेला. आठवड्यात तीनदा तो परत घेऊन आला. म्हणे, बाबा सांगतात, आवाज नीट येत नाही. दुकानात लावला की खणखणीत! तिसऱ्या वेळी मीच त्याच्याबरोबर घरी गेलो.

खोली लख्ख, भिंतीवर नवाकोरा बुद्धाचा फोटो, खाली रेडिओ, आणि समोर मांडी घालून कांबळेकाका रेडिओकडे टक लावून बसलेले. माझ्याशी छान बोलले. गाव कुठलं, आई कशी आहे, सगळी चौकशी केली. मग मी रेडिओच्या मागे वाकून तार बघताना विचारलं, काका, आता येतं का? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. डोकं वर काढून विचारलं, तेव्हा म्हणाले, आता तू बोललास तेवढं आलं.

माझ्या मनात शंका आली. मी त्यांच्या पाठीमागे गेलो आणि मोठ्यानं म्हटलं, "काका, तुमच्या धोतराला आग लागलीय." काका रेडिओकडे बघत शांत बसून राहिले. पोराचा चेहरा उतरला.

सूतकताई खात्यात यंत्रांच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. तिथली माणसं एकमेकांच्या ओठांवरूनच बोलणं उचलतात. काकांचे कान कधी गेले ते घरात कुणालाच कळलं नव्हतं, खुद्द काकांनाही नाही. मुलानं त्यांना समोर बसून समजावलं, तर ते रागावले.

"बहिरा कोण? तोंड दिसलं की मला सगळं ऐकू येतं. ह्या पेटीला तोंड कुठंय?"

रेडिओ परत आला नाही. पुढे कळलं, संध्याकाळच्या बातम्यांना पोरगा रेडिओला कान लावून बापाकडे तोंड करून बसतो, आणि एकेक वाक्य पुन्हा बोलतो. काका शेजाऱ्यांना सांगत, आता मशीन बरोबर चालतंय. मला वाटलं, आपल्या दुकानात इतकं साधं, इतकं चांगलं काहीच नाही.

* * *

कॉटन ग्रीनच्या चाळीत एक निवृत्त जॉबर होते, म्हणजे गिरणीतले मुकादम. मुलगा गोदीत कामाला. बापाला दुपारी बाराला औषध घ्यायचं असे आणि बाप विसरे, म्हणून मुलानं गजराचं घड्याळ नेलं. मीच बाराचा गजर लावून दिला. म्हाताऱ्यानं फक्त ऐकायचं होतं.

मध्येच एक दिवस हरताळ पडला. गिरण्या बंद, दुकानं बंद, रस्ते ओस. दुसऱ्या दिवशी जॉबरसाहेब स्वतः काठी टेकत दुकानात आले आणि घड्याळ काउंटरवर ठेवलं. चेहरा ओढलेला. मी विचारलं तर म्हणाले, काल औषध नाही आणि जेवणही नाही. का? तर भोंगा झाला नाही. त्यांचं सगळं आयुष्य गिरणीच्या भोंग्यावर गेलेलं. भोंगा झाल्याशिवाय बारा कसे वाजतील?

मी म्हटलं, काका, पण घड्याळ वाजलं असेल ना?

"वाजलं. तेच सांगायला आलोय," ते म्हणाले. "सगळी मुंबई बंद असताना हे वाजलंच कसं? मी फितुराला घरात ठेवत नाही."

* * *

या सगळ्यातून मी एक शहाणपण शिकलो. म्हाताऱ्यांच्या वस्तूला बटण एकच हवं, आणि ते दाबलं की यंत्र नाही, माणूस यायला हवा. म्हणून आयेसाठी मी सेलवर चालणारी बेल केली. बेल शेजारच्या खोलीत, गणपतमामांच्या भिंतीवर. तिची वायर आमच्या खोलीत, आयेच्या अंथरुणावरून मोरीपर्यंत पोचेल एवढी लांब, आणि टोकाला बटण. पडलीस, चक्कर आली, काहीही झालं तरी नुसतं दाब, मामा धावत येतील. मामांची कायमची रातपाळी, त्यामुळे दिवसभर ते घरीच असत.

आयेनं ते बटण हातातसुद्धा घेतलं नाही.

"घाट देवाक वाजवतत," ती म्हणाली. घाट म्हणजे आमच्याकडे देवळातली घंटा. "माणसाक हाक मारतत."

मी समजावलं, रागावलो, शेवटी हात जोडले. ती हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी बघतो तर बटणाला फुलांची पुडी लटकवलेली.

त्यानंतर महिन्याभरानं संध्याकाळी घरी आलो तर आये मोरीशी भिंतीला टेकून बसलेली. गुडघा सुजून टम्म. दुपारी पडली होती, उठता येत नव्हतं. बटण तिच्या हातापासून वीतभर अंतरावर लोंबत होतं, पुडीसकट. माझं डोकं फिरलं. आयुष्यात आयेवर इतका कधी ओरडलो नव्हतो. का नाही दाबलंस?

"गणपत रातपाळी करून निजलेलो," ती म्हणाली. "तेची झोप मोडूची कशाक?"

मी तिथेच तिच्या शेजारी बसलो.  बेल काढून खोक्यात टाकावी असं वाटलं, पण तेवढाही उत्साह नव्हता. तशीच राहू दिली.

* * *

मग तो दिवस आला. सकाळी मला अण्णांनी दादरला एका गिऱ्हाइकाकडे रेडिओ दुरुस्तीला पाठवलं होतं. दुपारी मोर्चा निघाला, कुठेतरी दगडफेक झाली, अश्रुधूर झाला, गोळीबाराच्या बातम्या आल्या. खऱ्या किती, खोट्या किती, कोण सांगणार? ट्राम बंद, बस बंद, मोठे रस्ते पोलिसांनी अडवलेले. मी गल्लीबोळांतून, थांबत थांबत, दोनदा मागे फिरत चालत आलो. चाळीपाशी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर मला बेल ऐकू आली.

 आये पडली. एवढ्या दिवसांत न दाबलेलं बटण तिनं दाबलं, म्हणजे काय झालं असेल? वर गेलो तर अख्खी गॅलरी भरलेली. मला बघून माणसं बाजूला झाली. बेल वाजतच होती. आता तिचा आवाज बसला होता, सेल उतरत आले होते.

आमच्या दारात गणपतमामा उभे. बनियनवर, डोळे लाल.  ते म्हणाले, "चार वाजल्यापासून वाजवतेय रे. मी झोपेतून उठून धावलो, तर ही धडधाकट. म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, माका काय धाड झाली? दत्तू खय आसा तां बघ. पोरं दुकानात जाऊन आली, हॉस्पिटलच्या दारापर्यंत जाऊन आली. किती सांगितलं, म्हातारे, आम्ही शोधतोय, आता सोड ते बटण. सोडायला तयार नाही."

मी आत गेलो. आये अंथरुणावर ताठ बसली होती. बटण दोन्ही हातांत घट्ट धरलेलं, वर अंगठा दाबलेला, अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं. फुलांची पुडी खाली जमिनीवर. तिला अंधुक दिसायचं, म्हणून मी अगदी जवळ जाऊन बसलो आणि म्हटलं, आये, मी आलो.

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग अंगठा उचलला, आणि भिंतीपलीकडे बेल थांबली.

"बेल बरी आसा रे तुझी," आये म्हणाली. "वाजवलंय, नि तू इलंस."